जुन्या तबकड्या, नवी वेष्टने आणि थकलेली मजुरी

ब्रिटिश पॉप आणि रॉक संगीताच्या बाजारात गेली तीस-पस्तीस वर्षे एक उद्योग चांगलाच भरभराटीस आला आहे. हा उद्योग नवे गाणे जन्माला घालण्याचा नव्हे, तर जुने गाणे पुन्हा विकण्याचा आहे. साठ आणि सत्तरच्या दशकांत निघालेले अल्बम विसाव्या, तिसाव्या, चाळिसाव्या, पन्नासाव्या वाढदिवसाचे निमित्त साधून नव्या वेष्टनात बाजारात येतात. ज्या श्रोत्याने तारुण्यात तबकडी घेतली, संसारात पडल्यावर कॅसेट घेतली, पुढे सीडी घेतली, तोच श्रोता आता निवृत्तीवेतनातून त्याच गाण्यांची पेटीबंद आवृत्ती विकत घेतो. या व्यवहाराचे समर्थक विचारतात, यात कुणाचे काय बिघडले? विकणारा राजीखुशीने विकतो, घेणारा राजीखुशीने घेतो आणि उतारवयात कलावंताच्या पदरी चार पैसे पडतात.

यांपैकी पहिली दोन विधाने मला मान्य आहेत. तिसऱ्या विधानाची मात्र कसून तपासणी व्हायला हवी, कारण कलावंत या शब्दाआड येथे फार मोठी लपवाछपवी चालते. वेष्टनावर ज्याचे छायाचित्र असते तो कलावंत आणि ज्याने स्टुडिओत येऊन तीन तास वाद्य वाजवले, ठरलेली बिदागी घेतली व बसने घरी गेला तोही कलावंतच. जुन्या गाण्याच्या प्रत्येक नव्या विक्रीचा लाभ पहिल्याला मिळतो. दुसऱ्याची आठवण कुणाला होत नाही. जुने गाणे पुन्हा विकणे हा गुन्हा नव्हे. पण जो माल पुन्हा विकतो, त्याने त्या मालाचा जुना हिशोबही पुन्हा उघडला पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे.

एकच उदाहरण नीट पाहू. पिंक फ्लॉइड या इंग्रज वाद्यवृंदाचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा अल्बम मार्च १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. जगात सर्वाधिक खपलेल्या अल्बमांत त्याची गणना होते. अमेरिकेतील बिलबोर्ड नियतकालिकाच्या खपाच्या यादीत १९७३ ते १९८८ या काळात तो सातशेहून अधिक आठवडे होता. १९९३ मध्ये त्याची विसाव्या वाढदिवसाची आवृत्ती निघाली, २००३ मध्ये तिसाव्या वाढदिवसाची, २०११ मध्ये भलीमोठी पेटी आणि २०२३ मध्ये पन्नासाव्या वाढदिवसाची आणखी एक पेटी. २०११ च्या पेटीत सहा तबकड्या होत्या. शिवाय काचेच्या गोट्या, एक स्कार्फ आणि पेल्याखाली ठेवायच्या चकत्याही होत्या. संगीताच्या नावावर गोट्या विकण्यापर्यंत या व्यापाराची मजल गेली, ती अशी.

याच अल्बममध्ये ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ नावाची एक रचना आहे. तिला शब्द नाहीत. रिचर्ड राइट यांच्या पियानोवर एका स्त्रीचा आवाज आक्रंदतो, उंच चढतो आणि हळूहळू शांत होतो. हा आवाज क्लेअर टोरी यांचा. जानेवारी १९७३ मधील एका रविवारी त्यांना लंडनच्या अॅबी रोड स्टुडिओत बोलावण्यात आले. त्यांच्या हाती चाल दिली गेली नाही की शब्द दिले गेले नाहीत. जे सुचले ते त्यांनी दोन-तीन प्रयत्नांत गायले. रविवारचा दुप्पट दर धरून ३० पौंड त्यांना मिळाले आणि त्या घरी गेल्या. गायिका म्हणून वेष्टनावर त्यांचे नाव छापले गेले, पण रचनाकार म्हणून एकट्या राइट यांचे. गाण्याचा खप झाला, जाहिरातींतून ते वाजले, वाढदिवसांच्या आवृत्त्या निघाल्या. टोरी यांचा हिशोब मात्र ३० पौंडांवरच थांबलेला होता. अखेर २००४ मध्ये त्यांनी न्यायालयाची पायरी चढली. २००५ मध्ये उभयपक्षी तडजोड झाली आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांवर राइट यांच्यासोबत टोरी यांचेही नाव रचनाकार म्हणून येऊ लागले. म्हणजे १९९३ च्या आवृत्तीवर जे नाव नव्हते आणि २००३ च्या आवृत्तीवर जे नव्हते, ते २०११ च्या पेटीवर आले. तेही कंपनीला उपरती झाली म्हणून नव्हे. एका स्त्रीने बत्तीस वर्षांनी भांडून मिळवले म्हणून.

करार तो करार, तीस पौंड मान्य करून घेतले होते, मग तक्रार कसली, असे कोणी म्हणेल. हा युक्तिवाद दिसायला सरळ आहे, परंतु तो अर्धाच आहे. तीन तास गाण्याचा मोबदला म्हणून ती रक्कम दिली होती. जे गायचे ते गायिकेनेच रचावे, त्या रचनेवर दुसऱ्याचे नाव पडावे आणि पन्नास वर्षे ती विकली जावी, असा करार तिने केला नव्हता. इंग्लंडच्या न्यायाधीशांनाही हा भेद समजला, याला एका दुसऱ्या खटल्याची साक्ष आहे.

प्रोकोल हारम या वाद्यवृंदाचे ‘अ व्हाइटर शेड ऑफ पेल’ हे गाणे १९६७ चे. बाखच्या वळणाची त्यातील ऑर्गनची धून एकदा ऐकली की विसरता येत नाही. चर्चमध्ये ऑर्गन ऐकत वाढलेल्या आपल्या कानांना तर ती विशेष ओळखीची वाटते. ही धून मॅथ्यू फिशर यांनी वाजवली आणि घडवली. श्रेय मात्र गॅरी ब्रुकर आणि कीथ रीड या दोघांचेच राहिले. फिशर यांनी २००५ मध्ये दावा लावला. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने गाण्याच्या संगीतातील ४० टक्के वाटा त्यांचा असल्याचे मान्य केले. २००८ मध्ये अपील न्यायालयाने, दावा लावायला फार उशीर झाला या कारणावरून, पैशांचा हक्क काढून घेतला. २००९ च्या जुलैत हाउस ऑफ लॉर्ड्स या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने तो निर्णय फिरवला आणि दाव्यानंतरच्या काळातील वाटा फिशर यांना मिळाला पाहिजे असे ठरवले. उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही, हे त्या न्यायपीठाने सांगितले. कंपन्यांना हे तत्त्व आपण होऊन का सुचू नये?

आणखी एक उदाहरण वेगळ्या तऱ्हेचे आहे. १९९७ मध्ये द व्हर्व या वाद्यवृंदाचा ‘अर्बन हिम्स’ हा अल्बम आला आणि त्यातील ‘बिटर स्वीट सिम्फनी’ हे गाणे घरोघरी पोहोचले. त्यासाठी रोलिंग स्टोन्सच्या एका गाण्याच्या वाद्यवृंदीय ध्वनिमुद्रणातील तुकडा वापरला होता. हक्कदार कंपनीने त्यावरून गाण्याचे सारे प्रकाशन-उत्पन्न ताब्यात घेतले. शब्द लिहिले रिचर्ड अॅशक्रॉफ्ट यांनी, गायले त्यांनीच, पण रचनाकारांत मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स यांची नावे आली. २०१७ मध्ये या अल्बमची विसाव्या वाढदिवसाची आवृत्ती निघाली तेव्हाही हीच स्थिती होती. मे २०१९ मध्ये जॅगर आणि रिचर्ड्स यांनी आपला हक्क अॅशक्रॉफ्ट यांना सोडून दिल्याचे जाहीर झाले. ही गोष्ट मनाच्या मोठेपणाची आहे आणि ती तशीच सांगितली पाहिजे. पण ज्या तंतुवाद्यांच्या ओळीवर हे गाणे उभे आहे, ती डेव्हिड व्हिटेकर या संयोजकाने साठच्या दशकात लिहिली होती. २०१२ मध्ये व्हिटेकर निवर्तले. दोन बड्या पक्षांच्या भांडणात या तिसऱ्या माणसाची कुणी विचारपूस केल्याचे दिसत नाही.

आता कायद्याकडे वळू, कारण गरीब वादकाचे नाव सर्वांत मोठ्याने तेथेच घेतले गेले. ब्रिटनमध्ये ध्वनिमुद्रणावरील हक्क ५० वर्षांचा होता. तो वाढवावा यासाठी मोठी मोहीम चालली. लखनौत जन्मलेले आणि आपल्या अनेक घरांतून ज्यांची गाणी पिढ्यान्‌पिढ्या वाजली ते क्लिफ रिचर्ड हे या मोहिमेचे पुढारी. म्हातारपणी हातातोंडाशी गाठ नसलेल्या वादकांचे काय होणार, असा करुण सूर तेव्हा लावला गेला. डिसेंबर २००६ मध्ये सरकारने नेमलेल्या गॉवर्स समितीने मुदतवाढ करू नये असा सल्ला दिला. तरीही सप्टेंबर २०११ मध्ये युरोपीय संघाने ही मुदत ७० वर्षांची केली आणि १ नोव्हेंबर २०१३ पासून ब्रिटनमध्ये ती लागू झाली. गंमत अशी की ज्या मुद्रणांची मुदत आधीच संपली होती त्यांना लाभ मिळाला नाही. ‘क्लिफचा कायदा’ म्हणून जो ओळखला गेला, त्याने क्लिफ यांचे १९५८ चे पहिले गाणेही वाचवले नाही.

एकरकमी मोबदला घेतलेल्या वादकांसाठी या कायद्यात एक तरतूद आहे. वाढीव २० वर्षांत जे उत्पन्न होईल त्यातील २० टक्के रक्कम कंपनीने त्यांच्यासाठी दरवर्षी बाजूला काढावी. ही तरतूद चांगली आहे, हे कबूल. परंतु तिची सुरुवात कधी होते ते पाहा. एक्कावन्नाव्या वर्षी! १९७३ मध्ये जो वादक तीस वर्षांचा होता, तो त्या दिवशी ऐंशी पार केलेला असतो, जिवंत असला तर. मधल्या पन्नास वर्षांच्या आवृत्त्यांबद्दल ही तरतूद काहीच बोलत नाही. उरलेले ८० टक्के अर्थातच कंपनीचे आणि करारबद्ध नामवंतांचे. ज्याच्या नावाने जोगवा मागितला, त्याच्या झोळीत शेवटची मूठ पडली.

हक्क राखण्याची वेळ येते तेव्हा याच कंपन्या किती तत्पर असतात! पन्नास वर्षांत प्रसिद्ध न झालेल्या मुद्रणाला वाढीव मुदत मिळत नाही, असा नियम आहे. तेव्हा डिसेंबर २०१३ मध्ये, वर्ष संपायला थोडे दिवस उरले असताना, बीटल्सची १९६३ मधील ५९ अप्रकाशित मुद्रणे घाईघाईने इंटरनेटवर विक्रीस काढण्यात आली. पन्नास वर्षे धूळ खात पडलेली फीत शोधून काढता येते. मग त्या काळच्या वादकांच्या नोंदवह्या का शोधता येऊ नयेत?

पुनर्प्रकाशनाने काही भलेही होते, हे नाकारणे अन्यायाचे ठरेल. व्हॅश्टी बन्यन या इंग्रज गायिकेचा पहिला अल्बम १९७० मध्ये निघाला, कुणी फारसा विचारला नाही आणि निराश होऊन तिने गाणेच सोडले. २००० मध्ये तो सीडीवर पुन्हा निघाला, नवा श्रोतृवर्ग मिळाला आणि तब्बल ३५ वर्षांनंतर, २००५ मध्ये, तिचा दुसरा अल्बम आला. पुनर्प्रकाशनाचा खरा धर्म हाच असावा. ज्याचे देणे राहिले त्याला ते पोहोचवणे, मग ते देणे कीर्तीचे असो वा पैशाचे. ज्याला सारे आधीच मिळाले त्याच्यासाठी चौथी पेटी आणि ज्याला काहीच मिळाले नाही त्याच्यासाठी मौन, हा धर्म नव्हे, धंदा आहे.

आणि या धंद्याचे आकडे लहान नाहीत. २०२४ मध्ये सोनी कंपनीने पिंक फ्लॉइडच्या मुद्रणांचे हक्क सुमारे ४० कोटी डॉलरना घेतल्याचे वृत्त आले. पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरी यांच्या क्वीन या वाद्यवृंदाच्या गाण्यांसाठी त्याच वर्षी सुमारे एक अब्ज पौंडांचा आकडा प्रसिद्ध झाला. एवढ्या रकमा जेथे हात बदलतात, तेथे वादकांच्या वाट्याचा हिशोब करायला कारकून मिळत नाही, यावर कोण विश्वास ठेवील?

सातासमुद्रापलीकडच्या या भांडणाशी आपला काय संबंध, असे वाचकांना वाटणे शक्य आहे. संबंध आहे, आणि तो आपल्या घरातला आहे. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीताला वाद्यवृंदाचे जे वैभव लाभले, त्यात गोव्याच्या ख्रिस्ती वादकांचा आणि संयोजकांचा वाटा फार मोठा. चर्चच्या शाळांतून स्वरलिपी शिकून ही माणसे मुंबईला आली. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारख्यांनी चालींना वाद्यांचा देह दिला. रेकॉर्डच्या वेष्टनावर मात्र त्यांची नावे क्वचितच आली. गोन्साल्विस यांचे नाव जनसामान्यांना ठाऊक झाले ते १९७७ च्या एका चित्रपटगीतामुळे. तेही प्यारेलाल या त्यांच्या शिष्याने गुरूची आठवण ठेवली म्हणून. तीच जुनी गाणी आज आपल्याकडेही नव्या वेष्टनात विकली जातात. तेव्हा क्लेअर टोरी यांचा प्रश्न परका समजण्याचे कारण नाही.

मागणी अवाजवी नाही. प्रत्येक नव्या आवृत्तीवर, मग ती पेटी असो वा मोबाइलवर ऐकायचे गाणे, प्रत्येक वादकाचे आणि गायकाचे नाव त्याच्या कामासह छापावे. एकरकमी मोबदला घेतलेल्यांना पन्नास वर्षे थांबवून न ठेवता प्रत्येक पुनर्विक्रीतून ठरावीक वाटा द्यावा. ते हयात नसतील तर वारसांना द्यावा. श्रेयाचा वाद असेल तर नवी आवृत्ती काढण्यापूर्वी तो मिटवावा, नंतर न्यायालयात नव्हे. कंपन्या हे आपण होऊन करणार नाहीत. गिऱ्हाइकाने विचारायला लागले तरच करतील, आणि गिऱ्हाईक आपणही आहोत. पुढच्या वेळी एखाद्या जुन्या अल्बमची सोनेरी आवृत्ती हाती आली, तर पेटीत गोट्या किती आहेत हे मोजण्याआधी नावांचे पान उघडून पाहा. ते पान कोरे असेल, तर पेटी दुकानदाराला परत करा आणि का परत केली तेही त्याला सांगा.