पट कमी की पत कमी? हर्सूलच्या सरकारी शाळांविषयी थोडे कडू

हर्सूलचे नाव घेतले की शहरातल्या माणसाला आधी कारागृह आठवते, मग तलाव. शाळा कुणालाच आठवत नाही. आम्ही मात्र या भागातल्या एका विहारात काही वर्षांपासून संध्याकाळचा अभ्यासवर्ग घेतो. तिथे येणारे प्रत्येक लेकरू आपली शाळा सोबत घेऊनच येते. कुणी मनपाच्या शाळेतले, कुणी जिल्हा परिषदेच्या, आणि दर जूनला वाढत जाणारे खासगी इंग्रजी शाळेतले. सरकारी शाळांच्या दर्जावर लेख लिहिणारे पुष्कळ आहेत. पण ज्यांची लेकरे तिथे बसतात आणि जे तिथे शिकवतात ते काय म्हणतात, ते आम्हाला रोज कानावर पडते, म्हणून हा लेख.

एक आई. मूळ फुलंब्री तालुक्यातली, इथे चार घरची धुणीभांडी करते, नवरा चिकलठाणा एमआयडीसीत ठेकेदाराकडे. तिने तिसरीतल्या मुलाला सरकारी शाळेतून काढून टाय-बुटाच्या शाळेत घातले. आम्ही कार्यकर्त्याच्या थाटात कारण विचारले. ती म्हणाली, "दादा, तिथं शिकवतच नाहीत असं मी म्हणत नाही. पण दोन मॅडम सगळे वर्ग सांभाळतेत. त्यातली एक मतदार यादीच्या कामाला गेली की लेकरं नुसती बसून. बसून राहायला पाठवू का मी त्याला?" मग थोडे थांबून म्हणाली, "आणि तिथं आता आपलीच लेकरं राहिली. बाकीच्यांनी कवाच काढली."

हे दुसरे वाक्य आम्हाला जास्त लागले. पालक इंग्रजीच्या मोहापायी खासगी शाळेकडे धावतात, असे आपल्या व्याख्यानांतून सर्रास सांगितले जाते. इंग्रजीचा मोह आहेच, आणि तो का नसावा? न्यायालय, मंत्रालय, मोठा पगार यांची भाषा इंग्रजी ठेवायची आणि वस्तीतल्या आईला मात्र मातृभाषेचे महत्त्व सांगायचे, हा ढोंगीपणा आहे. पण त्या आईला इंग्रजीपेक्षाही दुसरे काही हवे होते. जिथे फक्त आपलीच लेकरे उरतात, ती जागा या देशात कधीच चांगली ठेवली जात नाही, हे तिला कोणत्याही पुस्तकाशिवाय कळले आहे. तिचा मुलगा आज इंग्रजीत कविता घडाघडा म्हणतो. पण मराठीचा साधा उतारा वाचताना अडखळतो आणि इंग्रजीचा तर वाचतच नाही. हे तिलाही दिसते. तरी ती म्हणते, "तिथं निदान रोज शाळा तर भरते."

आता शिक्षकांचे ऐका. या पट्ट्यातल्या एका सरकारी शाळेतले गुरुजी आम्हाला चांगले ओळखतात, आपल्याच समाजातले आहेत. ते म्हणाले, "सर, आम्हाला शिकवू तर द्या." ऑनलाइन माहिती भरणे, फोटो पाठवणे, पोषण आहाराचा हिशोब, आधारच्या नोंदी, बीएलओचे काम. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही तीन कामे वगळता शिक्षकाला इतरत्र जुंपायला मनाई केली आहे. प्रत्यक्षात निवडणुकीची वाट इतकी रुंद आहे की मतदार यादीचे काम वर्षभर त्या वाटेने आत येते. गुरुजींची तक्रार खरी आहे, आम्ही ती नाकारत नाही.

पण पुढे ते म्हणाले, "आणि खरं सांगू का, या वस्तीतले पालकच जागरूक नाहीत."

हे वाक्य आम्ही इतक्या शिक्षकांच्या तोंडून ऐकले आहे की त्यावर थोडे थांबायलाच हवे. समाजशास्त्राच्या एम.ए.ला आम्ही 'सांस्कृतिक भांडवल' शिकलो. घरात पुस्तके असणे, अभ्यास घेणारी आई असणे, शिक्षकाशी बरोबरीने बोलता येणे, हे ज्या लेकराला घरातूनच मिळते त्याचे श्रेय शाळा स्वतःकडे घेते. ज्याला मिळत नाही, त्याचा दोष घरावर टाकते. जी आई मुलाला काढून नेताना कारण देते, फीसाठी आणखी एक घर धरते, ती जागरूक नाही तर कोण? तिची जागरूकता शाळेच्या सोयीची नव्हती, एवढेच. आणि पालक सभेची वेळ सकाळी अकराची ठेवायची, म्हणजे रोजंदारी बुडवून या, आणि मग 'पालक येत नाहीत' असा शेरा मारायचा, याला काय म्हणायचे? गुरुजींची स्वतःची दोन्ही मुले खासगी शाळेत आहेत, हे आम्ही त्यांना बोललो नाही. का, ते पुढे येईल.

पालक शिक्षकाकडे बोट दाखवतो, शिक्षक पालकाकडे. दोघांच्याही नजरेत न येणारा तिसरा माणूस मंत्रालयात बसलेला आहे.

'दोन मॅडम सगळे वर्ग सांभाळतेत' यात बेकायदा काहीच नाही, हे किती जणांना माहीत आहे? २००९ च्या कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी ६० विद्यार्थ्यांपर्यंत दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन, असे लिहिलेले आहे. शिक्षक वर्गाच्या हिशोबाने नाही, डोक्याच्या हिशोबाने मिळतो. पट साठावर आला की पाच वर्गांना दोन शिक्षक. मग शाळा 'भरत नाही'. मग आणखी पालक लेकरू काढतात. मग पट आणखी घसरतो आणि शासन म्हणते, पटच नाही तर शाळा कशाला? सप्टेंबर २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळांच्या 'समूह शाळा' करण्याचे प्रस्ताव मागवले गेले. अशा शाळा राज्यात १४ हजारांहून जास्त होत्या. त्याच महिन्यात शाळा दत्तक देण्याची योजना आली. त्याआधी जुलैमध्ये निवृत्त शिक्षकांना महिना २० हजारांवर घेण्याचा निर्णय झाला होता, आणि पात्र तरुण भरतीची वाट पाहत घरी बसले होते. ९ फेब्रुवारी २०२४ ला सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला २५ टक्के राखीव प्रवेशातून सूट देण्यात आली. १९ जुलै २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली म्हणून दार उघडे राहिले. एका हाताने सरकारी शाळा आटवायची आणि दुसऱ्या हाताने खासगी शाळेचे दार लावायचे. मग लेकराने जायचे कुठे?

'असर'चे ग्रामीण भारताचे आकडे बघा. सहा ते चौदा वयाच्या मुलांपैकी सरकारी शाळेत २०१८ ला ६५.६ टक्के होती, कोरोनानंतर २०२२ ला ७२.९ टक्के, आणि २०२४ ला पुन्हा ६६.८. आम्ही यातून एवढेच वाचतो की हातचा पैसा गेला तेव्हा लोक सरकारी शाळेत परतले आणि पैसा येताच निघून गेले. दोन वर्षे ही लेकरे आपसूक दारात आली होती. त्यांना धरून ठेवण्यासाठी शासनाने काय केले?

क्रांतिबा फुल्यांनी १८८२ ला हंटर आयोगापुढे हेच मांडले होते. कर शेतकऱ्याकष्टकऱ्यांचा, आणि खर्च वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. त्यांनी बारा वर्षांपर्यंत सक्तीचे प्राथमिक शिक्षण मागितले. शाहू महाराजांनी १९१७ ला कोल्हापुरात ते मोफत आणि सक्तीचे करून दाखवले, एका छोट्या संस्थानाच्या तिजोरीतून. १९२७ ला मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी सरकारला हिशोब विचारला की माणशी दारूच्या करातून जितके घेता तितके तरी शिक्षणावर खर्च करा. शिक्षण ही नफ्यातोट्याने चालवायची गोष्ट नाही, हे त्यांनी तेव्हाच बजावले होते.

आता आपल्याकडे वळू. बाबासाहेबांनी १९५० ला या शहरात मिलिंद महाविद्यालय काढले, कारण निजामाच्या राजवटीतला मराठवाडा शिक्षणात मागे ठेवलेला होता. नागसेनवनात शिकून आपल्या दोन-तीन पिढ्या प्राध्यापक, वकील, अधिकारी झाल्या. त्यातले बहुतेक गावच्या सरकारी शाळेतूनच आले. शिडी चढून वर गेलेल्यांनी शिडीचे पुढे काय झाले ते वळून पाहिले नाही. यात आम्हीही आलो. आमची स्वतःची मुलगी खासगी शाळेत जाते. घरात यावरून भांडण झाले, आमची सहचारिणी म्हणाली की चळवळ तुम्ही करा, प्रयोग माझ्या लेकरावर नको, आणि आमच्याकडे उत्तर नव्हते. म्हणून गुरुजींपुढे आमचे तोंड उघडले नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये म्हटले होते की सरकारी पगार घेणाऱ्यांनी आपली मुले सरकारी शाळेत घालावीत. तो आदेश कागदावर राहिला. पण त्याची बातमी वाचून टाळ्या वाजवणाऱ्यांत आम्ही होतो, हे लिहून ठेवतो.

यावर काही मित्र गाडीवाटचे उदाहरण देतात. आपल्याच जिल्ह्यातल्या त्या गावच्या जिल्हा परिषद शाळेतली मुले जपानी शिकली, देशभर बातमी झाली. आम्हालाही अभिमान आहे. परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी २०२० ला जागतिक शिक्षक पुरस्काराचे मानकरी ठरले, त्याचाही आहे. मात्र अशा कथांत एक धोका असतो. एक झपाटलेला शिक्षक दाखवायचा आणि बाकीच्यांना विचारायचे, तुम्हाला का जमत नाही? झपाटलेल्या माणसाची बदली होते. दोन शिक्षकांची मंजुरी मात्र तिथेच राहते.

मग करायचे काय? कायद्याच्या कलम २१ प्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात, आणि दुर्बल घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते. विनाअनुदानित शाळेला ही समिती लागू नाही. तिथे पालक-शिक्षक संघ असतो, पण त्या आईला तिथे कोण बोलू देते? म्हणजे जिथे तिला हक्काची खुर्ची आहे ती शाळा तिने सोडली, आणि जिथे ती फी भरते तिथे खुर्ची नाही. सोडलेल्या शाळेची समिती कागदावर असते, सह्या घरपोच घेतल्या जातात.

१४ एप्रिलच्या मिरवणुकीची वर्गणी काढताना आपण गल्लीतले एकही घर सोडत नाही. समितीची निवड कधी झाली, सदस्य कोण, मागच्या वर्षीचा आराखडा कुठे आहे, हे माहितीच्या अधिकारात विचारायला दहा रुपयांचा अर्ज लागतो. आम्ही हर्सूल परिसरातल्या सरकारी शाळांसाठी असे अर्ज लिहायला घेतले आहेत. पालक सभा संध्याकाळी सातनंतर किंवा रविवारी घ्यावी, ही पहिली मागणी आहे, आणि ती त्या आईनेच सांगितली. गुरुजींनाही बोलावले आहे. ते येतो म्हणालेत, बीएलओचे काम नसेल तर.