गोटा टायरांचे अर्थशास्त्र

राळेगाव तालुक्यातून नागपूर-हैदराबाद महामार्ग जातो. कापसाचा हंगाम ऐन भरात असताना गेल्या मार्गशीर्षात वडकीच्या पुढे या महामार्गाच्या कडेला मी एक तासभर बसून होतो. पत्र्याच्या आडोशाला एक तरुण विजेवर तापविलेले पाते घेऊन, झिजून गोटा झालेल्या ट्रकच्या टायरवर पुन्हा खाचा पाडीत होता. रबराच्या वळ्या पायाशी पडत होत्या. मग त्याने वरून काळा रंग फिरवला आणि टायर नवा दिसू लागला. दिसू लागला, एवढेच.

ड्रायव्हरला विचारले, तर तो म्हणाला, "गुरुजी, मालक म्हन्ते, एवढा कापूस निघू द्या, मंग पाहू."

कोरड्या डांबरावर खाचेचा उपयोग फारसा नसतो. रस्ता ओला असताना टायरखालचे पाणी बाहेर काढून देणे हे तिचे काम. आपल्याकडे बर्फ पडत नाही हे खरे. परंतु बैलगाड्या नि ट्रॅक्टर यांनी शेतातून आणलेली काळी माती डांबरावर पसरते, पहाटे तिच्यावर दव पडते किंवा अवकाळी पावसाचा शिडकावा होतो, आणि रस्ता तेल सांडल्यासारखा होतो. शंभर गाठी, म्हणजे १७ टन रुई, घेऊन निघालेल्या माणसाला अशा वेळी खाचा हव्याशा वाटल्या तर त्यात त्याचा दोष नाही.

वाहतूकदारांचे वकील सांगतात की, युरोपात हे कायदेशीर आहे. आहेच. पण तेथे 'रीग्रूव्हेबल' असा शिक्का असलेल्या टायरलाच पुन्हा खाचा पाडता येतात. कारण अशा टायरात मूळ खाचेखाली जादा रबराचा थर कारखान्यातच राखलेला असतो आणि किती खोल कापायचे याचे माप कारखानदार देतो. हा थर नसलेल्या टायरावर अंदाजाने चालविलेले पाते पोलादी तारांच्या किंवा नायलॉनच्या थरापाशी जाऊन पोचते. तेथून पाणी शिरते, तारा गंजतात. मार्गशीर्षातल्या कापणीचे फळ मग वैशाखात मिळते, आणि ते ट्रकमालकाला मिळत नाही. ड्रायव्हर, क्लीनर व गाठींवर बसून निघालेले हमाल यांना मिळते.

कायदा काय करतो? केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील ९४ व्या नियमाने ट्रकच्या टायरवरील खाचेची किमान खोली १.६ मिलिमीटर ठरविली आहे. पाते फिरले की मोजपट्टीला तेवढी खोली सापडते आणि नियमाचे समाधान होते. खाचेखाली किती रबर उरले, हे रस्त्यावर उभ्या असलेल्या निरीक्षकाला दिसत नाही.

मग मालक नवा टायर का घेत नाही? एकदोन ट्रकांच्या मालकाची स्थिती पाहा. भाडे ठरवितो दलाल आणि माल पाठविणारा व्यापारी. डिझेलचा भाव, टोल, कर्जाचा हप्ता यांपैकी काहीच त्याच्या हाती नाही. काटकसर करण्याजोग्या दोनच गोष्टी उरतात: टायर आणि ड्रायव्हरची झोप.

त्यात टायरचा बाजार कसा आहे? भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये अपोलो, एमआरएफ, सीएट, जेके व बिर्ला या पाच कंपन्या आणि त्यांची संघटना यांना १,७८८ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. २०११-१२ मध्ये बदली टायरांच्या बाजारात क्रॉस-प्लाय टायरांचे भाव संगनमताने वाढविले, असा आयोगाचा निष्कर्ष होता. न्यायालयीन लढ्यामुळे हा आदेश फेब्रुवारी २०२२ पर्यंत प्रसिद्धही होऊ शकला नाही आणि डिसेंबर २०२२ मध्ये अपील न्यायाधिकरणाने प्रकरण फेरविचारासाठी आयोगाकडे परत धाडले. खुल्या स्पर्धेचे गोडवे गाणाऱ्या आमच्या अर्थशास्त्री बंधूंनी या प्रकरणाचा अभ्यास अवश्य करावा. मीही तीच स्पर्धा अनेक वर्षे फळ्यावर आकृत्या काढून शिकवीत आलो, हे कबूल केले पाहिजे.

आयोगाच्या आदेशाच्या आदल्याच महिन्यात, जुलै २०१८ मध्ये, केंद्र सरकारने ट्रकांची वजनमर्यादा वाढविली. तीन आसांच्या ट्रकला मालासह २५ टनांची परवानगी होती, ती २८.५ टन झाली. टायर मात्र दहाच राहिले. वाहतुकीचा खर्च कमी होईल, असे तेव्हा सांगण्यात आले. कोणाचा खर्च?

तरीही अपघात झाला की छापा पडतो तो पत्र्याच्या आडोशावर, आणि अटक होते ड्रायव्हरला. वस्तुतः मोटार वाहन कायद्याचे १९४ वे कलम जादा वजनाचा ट्रक चालविणाऱ्याइतकेच तो चालवावयास लावणाऱ्यालाही दोषी धरते. २०१९ च्या दुरुस्तीने दंडही २०,००० रुपये व वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये इतका केला. 'चालवावयास लावणारा' कोण, हे बिल्टीवर छापलेले असते. ती वाचण्याची तसदी कोण घेतो?

पर्याय नाही, असे नाही. तो रोज आपल्या गावावरून धावतो. राज्य परिवहन महामंडळाने स्वतःचे नऊ टायर पुनःस्तरण प्रकल्प उभारले. तेथे झिजलेल्या टायरचा सांगाडा तपासतात, जुने रबर घासून काढतात आणि वर नवे रबर चढवून उष्णता व दाब देऊन ते पक्के करतात. म्हणजे उरलेसुरले रबर कापून नेण्याऐवजी तेथे नवे रबर घातले जाते. सार्वजनिक क्षेत्राने हे कौशल्य दशकानुदशके जपले. ते एस.टी.पुरतेच का राहावे? या प्रकल्पांची दारे एकदोन ट्रकांच्या मालकांना ना नफा तत्त्वावर उघडावीत, नसेल तेथे क्षमता वाढवावी, आणि पाते चालविणाऱ्या तरुणांनाच तेथे शिकवून कामाला घ्यावे. त्यांच्या हाताला रबराची ओळख आहेच.

दुसरी मागणी राळेगावच्या कृषी उत्पन्न बाजार समितीकडे आणि तालुक्यातील जिनिंग-प्रेसिंगवाल्यांकडे आहे. येत्या हंगामापासून गाठी भरण्यापूर्वी दहाही टायर फाटकावर पाहावेत, कापलेला टायर आढळल्यास माल भरू नये, आणि त्या दिवसाचे खोटीभाडे माल पाठविणाऱ्याने ड्रायव्हरला द्यावे. हा शेवटचा मुद्दा वगळून बाकीचे मान्य करण्याची तयारी काही व्यापारी खासगीत दाखवितात. तो वगळता येणार नाही.