टाचदुखीचा बाजार

'तुमच्या टाचेचं हाड वाढलंय.' हे वाक्य ऐकून किती आयांनी, काकूंनी आणि हल्ली तिशी-पस्तिशीतल्या आमच्या आयटीवाल्या जनतेने संध्याकाळचं फिरणं सोडलं असेल, याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही. ठेवायला हवा होता. कारण माझं स्पष्ट मत आहे की त्या वाढलेल्या हाडाने केलं नसेल तेवढं नुकसान या एका वाक्याने केलंय.

दुखणं बहुतेकांच्या ओळखीचं असेल. सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टेकवलं की टाचेखाली सणकन कळ जाते, कुणी खिळा ठोकल्यासारखी. दहा-वीस पावलं लंगडत चाललं की जरा मोकळं होतं. मग दोन तासांची मीटिंग संपवून खुर्चीतून उठलं की परत तेच. वैद्यकीय नाव प्लांटर फॅशिआयटिस. दहातल्या एकाला तरी आयुष्यात कधी ना कधी हे गाठतं असा साधारण अंदाज आहे. म्हणजे तुमच्या टीममध्येही एखादा असणारच.

आणि इतक्या सर्रास होणाऱ्या दुखण्याबद्दल आपल्याकडे जे काही बोललं, विकलं आणि टोचलं जातं, त्यातलं बरंचसं (सौम्य शब्द वापरतोय) बिनकामाचं आहे. मी हे दुखणं सात-आठ महिने बाळगलं. त्या काळात मिळालेले सल्ले ऐका. युरिक ॲसिड तपास. वात असेल, तेल गरम करून चोळ. टोमॅटो सोड. भारीतलं इनसोल घे. त्याहून भारीतले बूट घे. एक इंजेक्शन मारून टाक, विषय संपव. आणि सर्वांत लोकप्रिय सल्ला: 'चालणं बंद कर.' यातल्या एकानेही 'दिवसाला किती तास उभा असतोस? गेल्या दोन महिन्यांत काय बदललं?' एवढं विचारलं नाही. अरे, सर्व्हर पडला तरी आपण पहिला प्रश्न हाच विचारतो ना, की काल काय बदललं? पायाला तेवढाही मान नाही.

आधी त्या काट्याचा निकाल लावू. २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ६२ ते ९४ वयाच्या २१६ जणांच्या पायांचे एक्स-रे तपासले. ही माणसं टाच दुखते म्हणून आलेली नव्हती. तरी त्यातल्या ५५ टक्के लोकांच्या टाचेखाली काटा सापडला. आता, ज्यांना काटा आहे त्यांच्यात टाचदुखीचं प्रमाण जास्त असतं, हेही त्याच अभ्यासात दिसलं. ते लपवायचं कारण नाही. पण सोबत सापडणं वेगळं आणि कारण असणं वेगळं. मजेने फिरणाऱ्या लाखो लोकांच्या टाचेत काटा असतो आणि कळवळणाऱ्या अनेकांच्या एक्स-रेत काहीच नसतं. शिवाय दुखणं बरं झालं तरी काटा असतो तिथेच असतो! मग तो टोचत होता म्हणायचं कशाच्या जोरावर?

खरा प्रकार काय आहे? टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळपायात एक जाड, चिवट पट्टा असतो. तो प्लांटर फॅशिया. चालताना टाच उचलली आणि बोटं वर वळली की हा पट्टा ताणला जातो आणि पायाची कमान उचलून धरतो. १९५४ साली हिक्स नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी हे रहाटाच्या उपमेने समजावून दिलं. दोर गुंडाळला की बादली वर, तशी बोटं वळली की कमान वर. दर पावलाला हे होतं. दिवसाला हजारो वेळा. या पट्ट्याची झेपण्याची एक मर्यादा असते आणि ती हळूहळू वाढते. भार एकदम वाढला की टाचेजवळचं त्याचं टोक कुरकुरायला लागतं.

म्हणजे सरळ भाषेत, हा कपॅसिटीचा प्रश्न आहे. लोड जास्त, कपॅसिटी कमी. नावातला 'आयटिस' सुद्धा दिशाभूल करणारा. आयटिस म्हणजे दाह. पण २००३ साली अमेरिकेत शस्त्रक्रियेच्या वेळी काढलेले ५० जणांचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली बघितले, तेव्हा नेहमीच्या दाहाच्या खुणा न दिसता झिजलेले, विस्कटलेले तंतू दिसले. जुनाट टाचदुखीवर महिनोन्‌महिने वेदनाशामक गोळ्या खाणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा.

आता बाजाराकडे वळू.

इनसोल. २००६ साली छापलेल्या एका ऑस्ट्रेलियन चाचणीत सुमारे १३५ जणांना तीन गटांत वाटलं. एकाला मापाने बनवलेलं महागडं इनसोल, एकाला तयार मिळणारं आणि एकाला नावापुरता फोमचा तुकडा. तीन महिन्यांनी खऱ्या इनसोलवाल्यांना थोडा फायदा दिसला, पण महागडं आणि तयार यांत फरक नव्हता. वर्षभरानंतर तर तिन्ही गट जवळपास सारखेच. तेव्हा सुरुवातीला आराम म्हणून साधं, तयार इनसोल खुशाल घ्या. पण पायाचा त्रिमितीय स्कॅन, रंगीत चित्रं आणि पाच आकडी बिल समोर आलं की हे तीन गट आठवा.

इंजेक्शन. स्टेरॉइडच्या इंजेक्शनांवरचे ३९ अभ्यास एकत्र करून कॉक्रेन संस्थेने २०१७ साली आढावा काढला. निष्कर्ष असा की फार तर महिनाभर किंचित फायदा होत असावा, त्यापुढे नाही. आणि हा पुरावाही फारसा भक्कम नाही. क्वचित कधी हा पट्टा फाटतो किंवा टाचेखालची चरबीची गादी झिजते, तो धोका वेगळाच. कळ असह्य असेल आणि डॉक्टरांनी सगळं समजावून मग दिलं, तर माझी काही तक्रार नाही. पण 'मारून टाकू, विषय संपेल' हे म्हणजे रात्री तीनला वाजणारा अलार्म म्यूट करून झोपण्यासारखं आहे. अलार्म बंद झाला, डिस्क अजून भरतेच आहे.

कुणी म्हणेल, आला मोठा डॉक्टरांना शिकवणारा. तसं नाही. डॉक्टरांकडे पाच मिनिटं असतात, आणि त्या पाच मिनिटांत आपणच विचारतो, 'डॉक्टर, शनिवारपर्यंत बरं होईल ना? सिंहगड ठरलाय.' ज्याला पॅच हवाय त्याला बाजार पॅच विकतो. ज्या इलाजाला पैसे पडत नाहीत त्याला सेल्समन नसतो, एवढंच.

आणि असा इलाज आहे. दोन व्यायाम. दोन्ही फुकट, दोन्ही कंटाळवाणे.

पहिला. २००३ साली अमेरिकेत १०१ पेशंटवर याची चाचणी झाली. सकाळी पाय जमिनीवर टेकवण्याआधी पलंगावरच बसायचं. दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यायचा. हाताने पायाची बोटं नडगीकडे ओढायची, तळपायातला पट्टा तारेसारखा ताठ लागेपर्यंत. दहा आकडे मोजायचे, सोडायचं. असं दहा वेळा. दिवसातून तीनदा. नुसती पोटरी ताणणाऱ्यांपेक्षा हे करणाऱ्यांचं सकाळचं दुखणं आठ आठवड्यांत जास्त कमी झालं.

दुसरा डेन्मार्कचा, ४८ पेशंटवरच्या चाचणीतला, २०१४ सालचा. जिन्याच्या पायरीवर उभं राहायचं. टॉवेलची गुंडाळी करून ती बोटांखाली घालायची, म्हणजे बोटं वर वळलेली राहतात. मग एका पायावर टाच उचलायची. तीन सेकंद वर जायला, दोन सेकंद वर थांबायला, तीन सेकंद खाली यायला. दर एक दिवसाआड. एका पायावर जमत नसेल तर आधी दोन्ही पायांवर. बारा-बाराच्या तीन फेऱ्या जमायला लागल्या की पाठीवर सॅक घेऊन तिच्यात पुस्तकं भरायची. (ती जाड प्रोग्रॅमिंगची पुस्तकं शेवटी कामी येतील.) तीन महिन्यांनी हा गट नुसतं ताणणाऱ्या गटाच्या बराच पुढे होता. वर्षभराने मात्र दोघे सारखे झाले. म्हणजे हा काही चमत्कार नाही. बरं व्हायला लागणारा काळ तो थोडा आखडता करतो.

यात मेख एकच आहे, आणि ती म्हणजे काळ. आठवडे नाही, महिने. बहुतेकांचं वर्षभरात आटोक्यात येतं, काहींचं त्याहून रेंगाळतं. आम्हाला दोन आठवड्यांच्या स्प्रिंटची सवय, त्यामुळे तिसऱ्या आठवड्यात टॉवेल बाथरूममध्ये परत जातो आणि आम्ही नवीन बूट शोधायला लागतो.

'चालणं बंद' हाही टोकाचाच सल्ला. भार कमी करा, शून्य करू नका. सोमवार ते शुक्रवार खुर्चीत आणि शनिवारी सिंहगड, किंवा नोव्हेंबरात नवे बूट आणि जानेवारीत मुंबई मॅरेथॉन, हे त्या पट्ट्यावर सरळ अन्याय आहेत. थोडं चाला, रोज चाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळची कळ वाढली तर तेवढं कमी करा. सकाळचं ते पहिलं पाऊल म्हणजे तुमचा फुकटचा मॉनिटरिंग डॅशबोर्ड आहे, तो वाचायला शिका.

अजून एक, जरा घरातलं. आपण टाइल्सच्या गुळगुळीत, दगडासारख्या टणक जमिनीवर दिवसभर अनवाणी वावरतो, आणि 'घरात चपला?' म्हटलं की आजी डोळे वटारते. बाहेरची चप्पल घरात नको, शंभर टक्के मान्य. पण घरापुरता, फक्त घरातच वापरायचा मऊ जोड आणायला काय हरकत आहे? ओट्यापाशी तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या आईला हजाराचं वेदनाशामक मलम आणून देण्यापेक्षा ती चप्पल आणा. आणि ओट्यापाशी एक उंच स्टूल ठेवा. भाजी बसून चिरली तरी तेवढीच छान होते.

(एक इशारा. हे सगळं साध्या टाचदुखीबद्दल. रात्री झोपेतही ठणकत असेल, बधिरपणा किंवा मुंग्या असतील, सूज, ताप असेल, टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर जीव जात असेल, किंवा दोन्ही टाचांसोबत पाठही सकाळी तासभर आखडत असेल, तर घरगुती प्रयोग नकोत, डॉक्टर गाठा. मधुमेह असेल तर आधीच गाठा. बधिर पायाला गरम पाण्याचा शेक देऊन भाजून घेऊ नका.)

आता मूळ मुद्दा. हे दुखणं भाराचं आहे असं एकदा मान्य केलं की एक अडचणीचा प्रश्न समोर येतो. भार कमी करायची सोय कुणाला आहे? मला आहे. मी बसून काम करतो, वाटलं तर टेबलाखाली पाय लांब करतो. २००३ सालच्याच एका अमेरिकन अभ्यासात टाचदुखीची तीन कारणं ठळकपणे पुढे आली. घोट्याचा ताठरपणा, वजन, आणि कामाचा बहुतेक वेळ पायांवर असणं. यातलं तिसरं कुणाच्या वाट्याला येतं? साडीच्या दुकानातल्या मुलीच्या, मॉलमधल्या काउंटरवरच्या पोराच्या, नर्सच्या, आणि आपल्या ऑफिसच्या गेटवर बारा तास उभ्या असलेल्या वॉचमनकाकांच्या. त्यांना 'जरा आराम करा' सांगणं ही चेष्टा आहे. त्यांचं इनसोल म्हणजे खुर्ची.

ही काही क्रांतिकारक कल्पना नाही. उभ्याने काम करणाऱ्या कामगारांना संधी मिळेल तेव्हा बसायची सोय हवी, हे १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम ४४ मध्ये लिहिलेलं होतं. दुकानांचं काय? केरळमध्ये कोळिकोडच्या कापड दुकानांतल्या बायकांनी बसण्याच्या हक्कासाठी वर्षानुवर्षं भांडण केलं, तेव्हा २०१८ साली तिथला दुकानांचा कायदा बदलला. २०२१ साली तामिळनाडूने तोच मार्ग धरला. बसण्यासाठी कायदा करावा लागतो यातच सगळं आलं. कारण आपल्याकडे उभा असलेला माणूस तत्पर दिसतो आणि बसलेला आळशी, आणि हे ठरवणारे आपण सगळे बसलेले!

तेव्हा मंडळी, टॉवेलची गुंडाळी आज रात्रीच करून ठेवा. आणि सोमवारी ऑफिसात शिरताना गेटवर जरा बघा, तिथे खुर्ची आहे का, आणि असली तर तिच्यावर बसायची परवानगी आहे का. नसेल तर ॲडमिनला एक मेल टाका. तुमच्या नव्या बुटांपेक्षा ती खुर्ची नक्की स्वस्त पडेल.