पाच तारे आणि पादचाऱ्याचा गुडघा

एखाद्या मोटारीला ‘भारत एनकॅप’च्या चाचणीत पाच तारे मिळाले की ती राष्ट्रीय बातमी होते. बाहुलीच्या छातीवर किती दाब आला, मान किती झुकली, मागच्या आसनावरचे मूल किती सुरक्षित राहिले, हे रंगीत तक्त्यांतून सांगितले जाते. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या या तारांकनामुळे प्रवाशाची सुरक्षितता ग्राहकाला तोलून पाहता येऊ लागली, हे निर्विवाद आहे. परंतु त्या पाच ताऱ्यांत मोटारीपुढे सापडलेल्या माणसाच्या वाट्याला एकही गुण नाही. पादचारी-संरक्षणाचे एआयएस-१०० हे मानक तीन वा अधिक ताऱ्यांसाठी पूर्ण करावे लागते खरे. पण तेथे निकाल केवळ उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण एवढाच. काठावर पास झालेली मोटार कोणती आणि पादचाऱ्याचा पाय खरोखर वाचवणारी कोणती, हे ग्राहकाला कधीच कळत नाही.

ज्यांना ही तक्रार तांत्रिक वाटते त्यांनी झाशीकडे पाहावे. मराठी माणसाच्या मनात हे नाव नेवाळकरांच्या किल्ल्याशी जोडलेले आहे. महामार्गांच्या नकाशावर मात्र श्रीनगर ते कन्याकुमारी आणि सिल्चर ते पोरबंदर हे देशाचे दोन महापथ जेथे एकमेकांना छेदतात, ते ठिकाण म्हणजे झाशी. महामार्गावरचा वेग अंगात मुरलेली वाहने येथे इलाइट चौकातून आणि सीपरी बाजारातून पायी चालणाऱ्यांच्या वाटेत येतात. सर्व देशाचा हिशेब पाहिला तर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये रस्त्यावर मरण पावलेल्या १,६८,४९१ जणांपैकी ३२,८२५ पादचारी होते. म्हणजे दिवसाला सरासरी ९०. जे वाचले त्यांच्यापैकी किती जणांचा गुडघा कायमचा निकामी झाला, हे त्या अहवालात सापडत नाही. तेथे जखमींचे ‘गंभीर’ आणि ‘किरकोळ’ असे वर्गीकरण असते. सांध्यांची नोंद नसते.

गुडघ्याचे नेमके काय होते? हा सांधा मुख्यतः बिजागरीसारखा चालतो. पुढे-मागे तो १३० अंशांहून अधिक वाकतो; बाजूला मात्र त्याला जेमतेम काही अंशांची सवड आहे. रस्ता ओलांडणाऱ्या माणसाला मोटार बहुधा बाजूनेच धडकते. बंपर पायाला ढकलतो, पण जडत्वामुळे धड जागच्या जागी राहते आणि जमिनीवर टेकलेले पाऊल घर्षणाने अडकते. प्रथम नडगीचे हाड मांडीच्या हाडाखालून आडवे सरकू पाहते. पाठोपाठ गुडघा बाहेरून आत वाकतो आणि आतल्या बाजूचा अस्थिबंध, म्हणजे बोलीतले लिगामेंट, ताणत जाऊन तुटतो. १९९० च्या दशकात यानुश काजेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दान केलेल्या मृतदेहांच्या पायांवर ताशी ४० किलोमीटर वेगाने प्रयोग करून सरकणे आणि वाकणे या दोन इजा वेगवेगळ्या तपासल्या. हे सारे पहिल्या काही दशक मिलिसेकंदांत घडते. ताशी ४० किलोमीटर वेगाची मोटार २० मिलिसेकंदांत अवघी २२ सेंटिमीटर पुढे गेलेली असते. पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. ‘पादचाऱ्याने स्वतःला सावरायला हवे होते’ या उपदेशाला पदार्थविज्ञानात काहीही आधार नाही.

या ज्ञानातूनच कृत्रिम पायाची चाचणी घडली. सुमारे साडेतेरा किलोचा पाय ताशी ४० किलोमीटर वेगाने बंपरवर सोडतात. २००८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीत झालेल्या जागतिक नियमाने त्या वेळच्या पायासाठी गुडघ्याच्या बाजूला वाकण्याची मर्यादा १९ अंश आणि सरकण्याची ६ मिलिमीटर ठरवली. पुढे आलेल्या लवचीक पायात थेट अस्थिबंधांचा ताण मोजता येऊ लागला. भारतही या विद्येत मागे नाही. मृतदेहाच्या पायात स्नायूंचा ताण नसतो, जिवंत माणसाच्या पायात असतो. दिल्लीच्या आयआयटीतील अनूप चावला, सुदीप्तो मुखर्जी आणि सहकाऱ्यांनी हाच धागा धरून स्नायूंसह गुडघ्याचे संगणकीय प्रारूप उभे केले आणि स्नायूंच्या ताणामुळे अस्थिबंधांवरचा भार बदलतो हे दाखवले. विद्या घरात आहे. ती ताऱ्यांपर्यंत पोहोचलेली नाही.

नियमातली सर्वांत मोठी फट मात्र वेगळीच आहे. बंपरची खालची रेषा जमिनीपासून ५०० मिलिमीटर किंवा अधिक उंच असेल, तर जागतिक नियमानुसार त्या वाहनाची चाचणी मांडीच्या नमुन्याने होते. त्यात बल आणि वाकवणारे आघूर्ण मोजतात. गुडघा मोजलाच जात नाही. म्हणजे उंच, दांडगी एसयूव्ही गुडघ्याच्या परीक्षेला बसतच नाही. पण अशा वाहनाने मांडी ढकलली आणि पोटरी मागे राहिली, तरी गुडघा मोडायचा तो मोडतोच. अवजड मालमोटारी आणि बस तर या नियमाच्या कक्षेबाहेरच आहेत.

उरलेली कसर पुढे बसवलेली पोलादी नळी भरून काढते. बंपरमागच्या फेसाळ थराचे काम धक्क्याचा काळ लांबवून बल कमी करणे हे असते. त्याच्यापुढे ताठ नळी लावली की चाचणीत मिळवलेले सारे पाण्यात जाते. डिसेंबर २०१७ मध्ये मंत्रालयाने राज्यांना या ‘बुल बार’विरुद्ध कारवाई करण्यास कळवले. तरीही झाशीपासून पुण्यापर्यंत रुबाबाची खूण म्हणून ती नळी मिरवली जाते.

वेगाचा हिशेब त्याहून कडवा आहे. कृत्रिम पायाची परीक्षा ताशी ४० किलोमीटरला होते. २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेने नगरपालिका हद्दीत मोटारींना दिलेली कमाल मर्यादा ताशी ७० किलोमीटर आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून ७० ला ती ४० च्या तिपटीहून अधिक होते. जी मोटार चाचणीत पाय वाचवते, तिलाच कायद्याने परवानगी असलेल्या वेगात तो वाचवण्याची हमी देता येत नाही. राज्य आणि स्थानिक प्रशासनाला ही मर्यादा खाली आणण्याचा अधिकार आहे. तो वापरायला कोणत्याही नव्या संशोधनाची गरज नाही.

यावर एक ठरलेले उत्तर येते: माणसे मरत असताना गुडघ्याचे काय घेऊन बसलात? हे उत्तर खुर्चीवर बसून काम करणाऱ्यांना परवडते. बुंदेलखंडात खाणीवर दगड फोडणाऱ्याला, डोक्यावर ओझे वाहणाऱ्याला, उकिडवे बसून भाजी विकणाऱ्या बाईला गुडघा हेच भांडवल. आतल्या बाजूचा अस्थिबंध बरेचदा विश्रांतीने भरून येतो. सांध्याच्या मध्यातला पुढचा क्रूसाकार अस्थिबंध पूर्ण तुटला तर तो सहसा आपोआप सांधत नाही. शस्त्रक्रिया आणि महिनोन्‌महिने व्यायाम ज्याला शक्य नाहीत, त्याचा पाय दिसायला शाबूत राहतो आणि रोजगार जातो. असा माणूस मृतांच्या आकड्यात कधीच येत नाही.

युरोपातील ‘यूरो एनकॅप’ने १९९७ च्या पहिल्या चाचण्यांपासून पादचाऱ्याला मोजले आणि २००९ पासून ते गुण एकूण ताऱ्यांत धरले. भारत एनकॅपच्या पुढील आवृत्तीच्या मसुद्यात पादचारी आणि इतर असुरक्षित रस्ता-वापरकर्त्यांसाठी २० टक्के भार सुचवलेला आहे. हे पाऊल स्वागतार्ह आहे, पण मसुदा म्हणजे नियम नव्हे, आणि एकूण गुणांत विरघळलेले २० टक्के पुरेसे नाहीत. प्रत्येक मोटारीच्या प्रसिद्ध निकालात गुडघ्याचे आकडे स्वतंत्र छापले गेले पाहिजेत. उंच बंपरच्या वाहनांची गुडघ्याच्या चाचणीतून सुटका होता कामा नये. आणि झाशीच्या महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी येणाऱ्या प्रत्येक जखमी पादचाऱ्याच्या गुडघ्याची, धडकलेल्या वाहनाच्या प्रकारासह, नोंद झाली पाहिजे. तोवर पाच ताऱ्यांच्या प्रत्येक बातमीत एक वाक्य जोडणे वार्ताहरांचे कर्तव्य आहे: हे तारे मोटारीच्या आत बसलेल्यांचे आहेत.