एका युनिटला किती वाफ?

मेकॅनिकलच्या कुठल्याही मित्राला विचारा, स्टीम टर्बाइनचा न्यूमेरिकल म्हणजे हक्काचे मार्क्स. स्टीम टेबल उघडायचं, आत जाणाऱ्या वाफेची एन्थाल्पी, बाहेर पडणाऱ्या वाफेची एन्थाल्पी, वजाबाकी, उत्तराला चौकोन. पण उत्तर 3 ऐवजी 30 आलं तरी कितीजणांना खटकेल? मला वाटतं, फार कमी. कारण हा आकडा कशाचा आहे, हे कुणी दाखवलेलंच नसतं.

हिशोब आर्ट्सवाल्यांनाही जमेल असा आहे. एक युनिट वीज म्हणजे 3600 किलोज्यूल. एक किलो वाफेने टर्बाइनला 1200 किलोज्यूल दिले, तर एका युनिटला 3 किलो वाफ लागते. (मोठ्या संचात वाफ मध्येच पुन्हा तापवतात, तो हिशोब थोडा किचकट, पण आकडा याच्या जवळपासच राहतो.) रात्रभर एसी लावून आठ युनिटं जाळली, की झाली 24 किलो वाफ!

आता डहाणूला चला. उपनगरांना वीज देण्यासाठी बीएसईएसने तिथे औष्णिक केंद्र उभारलं, 250 मेगावॅटचे दोन संच. अंधेरी, बोरिवली, घाटकोपरची सगळी वीज तिथूनच येते असं नाही, आणि मुलुंडकरांचं बिल तर महावितरणचं. तरी पूर्ण क्षमतेने चालणारा एक संच ताशी अडीच लाख युनिटं देतो, म्हणजे साधारण 750 टन वाफ पितो. तासाला! हे पाणी वाया जात नाही, वाफ थंड करून पुन्हा बॉयलरमध्ये सोडतात. वाया जाते ती उष्णता. कोळशातली जेमतेम एक तृतीयांशाच्या आसपास उष्णता वीज बनते. उरलेली बरीचशी वाफ थंड करताना समुद्राच्या पाण्यात जाते, थोडी चिमणीतून.

म्हणूनच वाफेचा हिशोब फक्त इंजिनिअरचा नाही. वाफ एक टक्क्याने वाचली, तर ताशी साडेसात टन वाफेचा कोळसा वाचतो. तो कोळसा अंधेरीत जळत नाही आणि त्याची राखही आपल्या गॅलरीत पडत नाही. तो जळतो चिकूच्या वाड्यांच्या, वारली पाड्यांच्या तालुक्यात. केंद्र सरकारने 1991 मध्येच हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केलाय. आपण मात्र भांडतो फक्त बिलावरून.

तेव्हा पेपर काढणाऱ्या सरांना एकच विनंती. ‘एका टर्बाइनमध्ये’ अशी सुरुवात आता पुरे. सरळ विचारा: डहाणूचा 250 मेगावॅटचा संच रात्रभर चालला, तर वाफ किती, कोळसा किती आणि राख किती? ती राख कुठे टाकली, हा उपप्रश्न दोन मार्कांना.