'आपला माणूस' म्हणून पैसे देऊ नका

बडोद्याची नोकरी सोडून मुंबईत आलेल्या बाबासाहेबांनी, 1918 मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होण्याआधी, शेअर्सबाबत सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्लागार 'अस्पृश्य' आहे हे कळताच गिऱ्हाइके फिरकेनाशी झाली. जात पाहून ज्ञान नाकारले गेले.

आज आपण उलटी चूक करतो. गडहिंग्लज परिसरातील आपल्या तरुणांच्या मोबाईलवर अमेरिकन शेअर्सच्या 'टिप्स' येतात. ग्रुपचा ॲडमिन 'जय भीम' म्हणाला की आपण चौकशी करत नाही. 2022 मध्ये कोल्हापुरात ए. एस. ट्रेडर्सवर गुन्हा दाखल झाला, तेव्हा जादा परताव्याच्या आमिषाची किंमत जिल्ह्याने पाहिली आहे.

तपासण्याची साधने फुकट आहेत. सल्लागार किंवा ब्रोकर नोंदणीकृत आहे का, हे सेबीच्या संकेतस्थळावर दिसते. परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या अनधिकृत ॲपची सावधानता यादी रिझर्व्ह बँक देते. अमेरिकन कंपन्यांचे वार्षिक अहवाल तिथल्या नियामकाच्या 'एडगर' या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात. परदेशी शेअर्स घेतले, तर ते आयकर विवरणपत्रात दाखवावे लागतात. हे न सांगणारा सल्लागार अर्धवट आहे. फसवणूक झालीच, तर लाजून गप्प न बसता लगेच 1930 वर फोन करा.

केवळ ऐकीव आहे किंवा गुरू सांगतो म्हणून मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. पैशालाही तोच नियम लावूया. विहारात रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास बसून ही संकेतस्थळे एकत्र उघडून पाहूया.