रेघ कुठे ओढायची?

गेल्या वसंतात न्यू जर्सीतल्या एका सिनेगॉगमध्ये माझ्या भाचीच्या लेकीचा बात मिट्झ्वा झाला. तेरा वर्षांची मुलगी त्या दिवसापासून धर्माच्या दृष्टीने जाणती ठरते. जावई ज्यू, भाची आपली कोथरूडची. कपाटातून तोराची, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाची, जड गुंडाळी काढली. आजोबांनी ती मुलाच्या हातात दिली, मुलाने स्वतःच्या लेकीच्या. भाची पैठणी नेसून शेजारीच उभी होती. गुंडाळी तिच्या हातात आली नाही. थोड्या वेळाने तिला बोलावले, तेव्हा तिने देशाच्या कल्याणाची प्रार्थना वाचली.

शेजारी बसलेली माझी बहीण पुटपुटली, "इतकी वर्षं दर रविवारी हिब्रू शाळेत सोडायला हीच जायची ना?" मलाही ते खटकले. संध्याकाळी भाचीला विचारले, तर ती हसली. "मामा, तोरा वाचण्याआधी जो आशीर्वाद म्हणतात, त्यात सगळ्या लोकांमधून आम्हाला निवडलंस म्हणून देवाचे आभार मानायचे असतात. मी ते म्हटलं तर खोटंच होईल की! आणि गुंडाळी त्यांच्या घराण्यातून येते. माझ्या घराण्यातून आलेलं मी तिला दिलंय. तुमच्याशी ती मराठीत भांडते ना?"

ज्यू म्हटले की आपल्याला शनिवारी घाणा बंद ठेवणारे कोकणातले ज्यू, म्हणजे शनिवार तेली, आठवतात. ही गोष्ट मात्र अमेरिकेतल्या ज्यूंची आहे आणि ती आपल्या मराठी मंडळाने ऐकण्यासारखी आहे. प्यू संस्थेच्या २०२० सालच्या पाहणीत तिथल्या विवाहित ज्यूंपैकी ४२ टक्के लोकांचा जोडीदार ज्यू नव्हता. २०१० नंतर लग्न झालेल्यांत हे प्रमाण ६१ टक्के होते. म्हणजे दाराशी कोणी परका येईल का, हा प्रश्न उरलेलाच नाही. तो परका घरातच आहे, पोरांचे डबे भरतो आहे.

ज्यूंच्या रिफॉर्म पंथाचे नेते रब्बाय अलेक्झांडर शिंडलर यांनी १९७८ मध्ये ह्यूस्टनच्या भाषणात हे उघड मांडले. अशा जोडप्यांसाठी सुतक पाळत बसू नका, त्यांना आत घ्या, असा त्यांचा आग्रह होता. १९८३ मध्ये याच पंथाच्या रब्बायांनी ठराव केला, की आई ज्यू नसली तरी वडील ज्यू असतील आणि मूल ज्यू म्हणून वाढले असेल, तर त्याला ज्यू मानावे. परंपरेने ज्यूपण आईकडून येते, म्हणून ऑर्थोडॉक्स आणि कॉन्झर्व्हेटिव्ह पंथांनी हे मान्य केले नाही. तरीही २०१७ मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह सिनेगॉगांच्या संघटनेने ज्यू नसलेल्यांना सभासद करायचे की नाही, हे ज्या त्या सिनेगॉगवर सोपवले.

विरोधकांची भीती मला पोकळ वाटत नाही. मूठभर लोकांनी कुंपणे काढली की शेत कोणाचे ते कळेनासे होते, असे ते म्हणतात. पण दार लावून घेतले तर काय होते? त्याच पाहणीत आईवडिलांपैकी एकच ज्यू असलेल्या लोकांचीही नोंद आहे. पन्नाशी ओलांडलेल्यांपैकी, म्हणजे दार उघडण्याआधी जन्मलेल्यांपैकी, २१ टक्के लोक ज्यू होते, पन्नाशीच्या आतल्यांपैकी ४७ टक्के. याचे सगळे श्रेय उघड्या दाराला देता येणार नाही. पण दार उघडले म्हणून घर ओस पडले, असे तरी म्हणता येत नाही.

मला पटली ती भाचीची कसोटी. जे शब्द एखाद्याच्या तोंडी खरे ठरणार नाहीत, तेवढेच त्याला देऊ नयेत. बाकी सगळे द्यावे. आशीर्वाद नाही, पण देशाची प्रार्थना आहे. सामूहिक प्रार्थनेसाठी लागणाऱ्या दहा जणांत गणती नाही, पण शाळेच्या समितीत जागा आहे, स्वयंपाकघराची किल्ली आहे. रेघ शब्दांपाशी ओढली तर ती समजावून सांगता येते. माणसापाशी ओढली की फक्त बोचते. आणि रेघ ओढणाऱ्याने आभारही मानावेत. २००४ च्या योम किप्पुरला कॅलिफोर्नियातल्या बेथ अ‍ॅम सिनेगॉगच्या रब्बाय जॅनेट मार्डर यांनी ज्यू नसलेल्या जोडीदारांना व्यासपीठावर बोलावले, ज्यू मुले वाढवल्याबद्दल त्यांचे आभार मानले आणि त्यांना आशीर्वाद दिला. वर्षातला सगळ्यात पवित्र दिवस त्यांनी त्यासाठी निवडला.

आता आपल्याकडे पाहू. गणपतीत खुर्च्या लावणारा पंजाबी जावई, मुलीला मराठी शाळेत सोडून दोन तास गाडीत बसून राहणारी अमेरिकन सून आपल्याला चालते. कार्यकारिणीचा विषय निघाला की मात्र "ते काही आपले नाहीत" हे वाक्य येते. ज्यूंची रेघ देवाशी झालेल्या हजारो वर्षांच्या करारावर उभी आहे. आपली कशावर? हिशेब तपासताना, सभागृह ठरवताना किंवा पुरणपोळ्यांची यादी करताना अमराठी माणसाच्या तोंडी खोटा ठरेल असा एक तरी शब्द आहे का? मला सापडला नाही. मराठी तर शिकता येते; आपणच शिकवण्याचे वर्ग चालवतो.

मंडळाच्या येत्या सर्वसाधारण सभेत अमराठी जोडीदार सभासदांना मताचा आणि कार्यकारिणीत येण्याचा हक्क देणारी घटनादुरुस्ती मी मांडणार आहे. विरोध असेल तर जरूर करा. मात्र तुमच्या मते रेघ कुठे आहे आणि का आहे, हे त्या सुनेच्या समोर उभे राहून सांगा.